एका सेकंदाला तीस लाख

माणसाच्या अंगात दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी मोडतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर गेल्यासुद्धा. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण मोडणं आणि घडणं बरोबरीने चालू असतं. अंतराळात मात्र मोडण्याचा आकडा ३० लाखांवर जातो आणि माणूस वर आहे तोपर्यंत तिथेच राहतो.

मी रक्त तपासायचं काम करते. साताऱ्यातल्या एका लॅबमध्ये, हिमॅटॉलॉजीच्या टेबलावर. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबा येतात, सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या, मशीनला लागतात, आणि आकडा पटला नाही तर स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघायची. अंतराळाशी माझा संबंध वर्तमानपत्रापुरता. पण कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या डॉ. गाय ट्रुडेल यांच्या गटाने केलेला हा अभ्यास वाचनात आला आणि या विषयाचा नादच लागला. त्यात रॉकेटचा धूर नव्हता, रक्त होतं.

अभ्यास २०२२ च्या जानेवारीत 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आला. अंतराळ स्थानकावर प्रत्येकी सहा महिने राहून आलेले १४ अंतराळवीर. त्यांच्या तांबड्या पेशी मोडण्याचा वेग जमिनीवरच्यापेक्षा ५४ टक्के जास्त निघाला. आधी समजूत अशी होती की वर गेल्यावर पायातलं पाणी डोक्याकडे सरकतं, शरीर जादाचा द्रव बाहेर टाकतं, रक्त दाट होतं, मग शरीर थोड्या पेशीही कमी करतं आणि दहाएक दिवसांत सगळं जागेवर येतं. तसं झालं नाही. सहाव्या महिन्यातही मोडतोड त्याच वेगाने चालू होती.

मला सगळ्यात आवडली ती मोजण्याची रीत. तांबडी पेशी मोडली की तिच्यातल्या हीमचा (तिला तांबडा रंग देणाऱ्या द्रव्याचा) एक रेणू फुटताना कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो, आणि तो श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून अंतराळवीरांनी ठरावीक दिवशी डब्यांत श्वास भरून ठेवला, डबे खाली आले, आणि श्वासातून पेशींची मोजदाद झाली. आम्ही हेच काम बिलिरुबिन, एलडीएच, रेटिक काउंट अशा तपासण्यांवरून चार बाजूंनी अंदाज बांधून करतो. उन्हाळ्यात कोरेगावहून मोटरसायकलवर आलेली ट्यूब हिमोलाइज झाली असेल, तर पेशी माणसाच्या अंगात फुटल्या की डिकीत, हे ठरवता ठरवता नाकी नऊ येतात. श्वासाला तो त्रास नाही.

परतलेल्या ज्या १३ जणांचं रक्त उतरल्या उतरल्या घेता आलं, त्यांतल्या पाच जणांना वैद्यकीय अर्थाने ॲनिमिया होता. आमच्याकडे येणाऱ्या आजी विचारतात, "ताई, रक्त कमी आहे का हो?", तसं त्या पाच जणांचं खरोखर कमी होतं. पण वर असताना त्यांना जाणवलं नसावं. वजनच नाही, जिना चढायचा नाही, उभं राहायचं नाही. कमी रक्तावर सगळं निभावतं. खाली उतरून पहिलं पाऊल टाकलं की मग धाप आणि चक्कर. वर्षभराने तपासलं, तेव्हाही मोडण्याचा वेग जाण्याआधीपेक्षा ३० टक्के जास्तच होता.

इथे मी अडकले. आमच्या रिपोर्टवर प्रत्येक आकड्याशेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते. ती हजारो निरोगी माणसांच्या रक्तावरून काढलेली, आणि ती सगळी माणसं जमिनीवर उभी होती. वरच्या माणसासाठी रेंज कुठून आणायची? आजवर अंतराळात जाऊन आलेली माणसं काही शेकड्यांत आहेत, त्यांतली बरीचशी थोडेच दिवस राहिलेली. म्हणून तिथे प्रत्येकाची रेंज त्याची त्यालाच. जाण्याआधीचा तो आणि आत्ताचा तो, एवढीच तुलना.

किंवा मग भाऊ. स्कॉट केली २०१५ च्या मार्चपासून ३४० दिवस स्थानकावर राहिले, आणि त्यांचा एकसारखा जुळा भाऊ मार्क, तोही अंतराळवीरच पण तोवर निवृत्त झालेला, खाली राहिला. नासाने दोघांचं रक्त, लघवी, शौच, डोळे, धमन्या, हिशोब करायचा वेग, सगळं त्या काळात आणि आगेमागे तपासलं. दहा संशोधन गट होते, आणि निष्कर्ष २०१९ च्या एप्रिलमध्ये 'सायन्स'मध्ये आले. स्कॉट स्वतःच स्वतःचं रक्त काढत. काही तपासण्यांना पेशी जिवंत लागतात, त्या गोठवून चालत नाहीत. म्हणून असं रक्त सोयूझ हे रशियन यान परत निघायच्या बेताने काढायचं, कझाकस्तानात उतरवायचं आणि तिथून विमानाने अमेरिकेला धाडायचं, साधारण दोन दिवसांच्या आत. सॅम्पल वेळेत पोचवण्याची ही धावपळ वाचताना मला फार आपलंसं वाटलं. आमचा सॅम्पल आणणारा मुलगा वाईहून वेळेत आला नाही की आमचीही अशीच तारांबळ.

या अभ्यासाची जी बातमी घरोघरी पोचली ती चुकीची होती. २०१८ च्या मार्चमध्ये जगभर छापून आलं की स्कॉटचा सात टक्के डीएनए बदलला, आता तो मार्कचा जुळा राहिला नाही. सात टक्के डीएनए बदलला तर माणूस माणूसच राहणार नाही. चिंपांझी आपल्यापासून त्याहून जवळ आहे. नासाला खुलासा करावा लागला. बदललं होतं ते जनुकांचं चालू-बंद होणं. एखादं जनुक जास्त जोराने काम करतं, एखादं मंदावतं, आणि हे आपलंही रोज होत असतं, ताप आला तरी होतं. वर असताना स्कॉटच्या ज्या जनुकांचं वागणं बदललं, त्यांतली ९० टक्क्यांहून जास्त परतल्यावर सहा महिन्यांत पूर्वपदावर आली. जी आली नाहीत ती साधारण सात टक्के. शिल्लक राहिलेला आकडा उचलून कोणीतरी तो डीएनएला चिकटवला. रिपोर्ट हातात आल्यावर फक्त ठळक अक्षरातला आकडा वाचून रडायला लागणारे पेशंट मी बघते, त्यातलाच हा प्रकार, फक्त पेशंट सगळं जग.

वाचत गेले तसं माझं एक मत बनत गेलं. लॅबमध्ये आमचे रिपोर्टचे दोन ट्रे असतात: एक नेहमीचा, एक 'डॉक्टरांना आत्ता फोन करा' असा. अंतराळातल्या आजारांच्या बातम्यांत हे दोन्ही ट्रे एकमेकांत मिसळलेले असतात. हाडं झिजतात, स्नायू बारीक होतात, रक्त कमी होतं, मुतखडे होतात, डोळ्यामागची नस सुजते आणि कॅन्सरचा धोका वाढतो, असं एका दमात सांगून मोकळे होतात. यातलं बरंचसं म्हणजे शरीराचा शहाणपणा आहे. जिथे वजन पेलायचं नाही तिथे मांडीचं हाड कशाला भरभक्कम ठेवायचं? दर महिन्याला एक ते दीड टक्का घनता जाते. हा नेहमीचा ट्रे. याच्यावर रोज दोन तासांचा व्यायाम आहे, परतल्यावर काही महिने कळ काढणं आहे. व्हालेरी पोल्याकोव हे रशियन डॉक्टर १९९४-९५ साली मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले आणि उतरल्यावर यानातून शेजारच्या खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी चालत गेले. माणूस मंगळावर पोचल्यावर उभा राहू शकेल का, हेच त्यांना दाखवायचं होतं.

दुसऱ्या ट्रेमध्ये जुळवून घेणं नाही, इजा आहे. स्कॉट यांच्या पेशींत गुणसूत्रांचे काही तुकडे तुटून उलटे जोडले गेले होते, आणि ते परतल्यावरही तसेच राहिले. तो किरणोत्साराचा मार. त्याला व्यायाम नाही.

टेलोमिअरचं काय करायचं ते मात्र मला अजून समजलेलं नाही. गुणसूत्रांच्या टोकांना असलेले हे भाग वयाप्रमाणे आखूड होतात, ताणाने होतात, किरणांनीही होतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या सुसान बेली यांचा अंदाज होता की स्कॉटचे आखूड होतील. झाले लांब! उतरल्यावर दोन दिवसांत पुन्हा आखडले आणि काही तर जाण्याआधीपेक्षाही आखूड राहिले. पुढे २०२१ मध्ये इन्स्पिरेशन-४ या खासगी उड्डाणातून जे चौघे जेमतेम तीन दिवस फिरून आले, त्यांच्यातही लांबलेले आढळले. अंतराळात माणूस तरुण होतो, असा अर्थ लावणाऱ्यांची कमी नव्हती. मी हा कागद तूर्त दोन्ही ट्रेच्या मधोमध ठेवला आहे.

आता मुख्य अडचण. हे सगळं ज्याला आपण अंतराळ म्हणतो तिथलं आहे, पण ते काही दूरचं नव्हे. स्थानक ४०० किलोमीटरवर फिरतं. मुंबईहून कोल्हापूर जेवढं, साधारण तेवढंच. तिथे वजनहीनता पुरेपूर मिळते, पण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आतच असल्यामुळे बाहेरच्या किरणांचा मोठा भाग अडवला जातो. म्हणजे पहिल्या ट्रेचा अभ्यास तिथे पंचवीस वर्षं चालू आहे, आणि दुसऱ्याचा तिथे नीट होऊच शकत नाही. त्यासाठी लांब जावं लागतं.

अपोलोच्या चांद्रमोहिमांत अशी लांब गेलेली माणसं २४. त्यांचा सर्वांत मोठा प्रवास साडेबारा दिवसांचा. अंधारात डोळे मिटून पडलं की त्यांना उजेडाच्या ठिणग्या, रेघा दिसायच्या. वैश्विक किरणांचे कण डोळ्यांतून आरपार जात होते. अपोलो १६ आणि १७ मध्ये तर या ठिणग्यांचा छडा लावायला खास शिरस्त्राण दिलं होतं. अपोलो १७ बरोबर पाच छोटे वाळवंटी उंदीरही गेले होते, टाळूच्या कातडीखाली किरण टिपणारे छोटे मापक बसवलेले. चार जिवंत परतले. आणि त्या वर्षीचं नशीब बघा: १९७२ च्या ऑगस्टमध्ये सूर्यावर प्रचंड वादळ झालं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, १७ डिसेंबरमध्ये जायचं होतं. मधल्या त्या दिवसांत कोणी वाटेत असतं तर ते परत आल्यावर त्यांची सीबीसी पाहायचा धीर मला झाला नसता. मोठा डोस मिळाला की आधी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कोसळतात, ते आकडे नुसते पुस्तकात वाचतानाही काटा येतो.

मंगळाच्या वाटेवर किती किरण लागतात हे पहिल्यांदा नीट मोजलं ते माणसाशिवाय. २०११-१२ मध्ये नासाची क्युरिऑसिटी ही गाडी मंगळाकडे जाताना तिच्या पोटातला मापक चालू होता. रोजचे साधारण १.८ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप). आपल्याला जमिनीवर नैसर्गिक किरणांतून वर्षाला सरासरी २.४ मिळतात. जायचे सहा महिने, यायचे सहा महिने धरले तर ६६० च्या आसपास, मंगळावरचा मुक्काम वेगळाच. नासाने आयुष्यभरासाठी घातलेली मर्यादा ६०० आहे. ही मर्यादा पूर्वी वय आणि लिंग बघून ठरायची आणि त्यामुळे बायकांच्या वाट्याला कमी उड्डाणं यायची. २०२२ पासून ती सगळ्यांना एकच केली. सर्वांत नाजूक धरलेल्या ३५ वर्षांच्या बाईला जी लागू, तीच सर्व पुरुषांनाही. मला हे वाचून बरं वाटलं, लपवत नाही.

पण मिलिसिव्हर्टचा आकडाही फसवा आहे. त्यात सगळे किरण एका मापात बसवलेले असतात. वैश्विक किरणांत बहुतेक प्रोटॉन असतात, थोडी हीलियमची केंद्रकं, आणि शंभरात जेमतेम एक जड मूलद्रव्याचं केंद्रक. तो शंभरावा खरा दांडगा. कण जाता जाता भोवतालाला जी ऊर्जा देतो ती त्याच्या विद्युतभाराच्या वर्गाच्या पटीत वाढते. लोखंडाचा भार २६, म्हणजे त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट. एक्स-रे पेशीत इकडेतिकडे चरे पाडतो, ते पेशी दुरुस्त करून घेते. लोखंडाचं केंद्रक गेलं त्या रेषेवर डीएनए एकमेकांना लागून इतक्या ठिकाणी तुटतो की दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना कुठलं टोक कुठे जोडायचं ते उमगत नाही. आणि जाड भिंत घातली तर कण भिंतीवर आपटून त्याचे तुकडे आत येतात. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत असे जड कण मुद्दाम तयार करून उंदरांवर आणि पेशींवर सोडतात, आणि मंगळयात्रेबद्दल आज जे सांगितलं जातं त्यातलं बरंच तिथून आलेलं आहे.

या किरणांशी आपली ओळख जुनी आहे. होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर १९३७ मध्ये वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे किरण टिपायला फुगे सोडले. १९८५ मध्ये त्याच संस्थेतल्या सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली 'अनुराधा' नावाचं उपकरण चॅलेंजर यानातून वर गेलं, वैश्विक किरणांतले कण किती इलेक्ट्रॉन गमावून आलेत ते बघायला. म्हणजे किरणांचा अभ्यास आपण बरीच वर्षं केला. त्यांच्या वाटेत पेशी ठेवून बघायचं काम मात्र आत्ता कुठे सुरू होतंय.

ते कसं चाललंय? २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नासाचं आर्टेमिस-१ चंद्राला वळसा घालून आलं, त्यात माणूस नव्हता पण हेल्गा आणि झोहार होत्या. बाईच्या धडाचे दोन पुतळे, अवयवांच्या जागी हजारो मापक. झोहारने किरण अडवणारं जाकीट घातलं होतं, हेल्गाने नाही. त्याच उड्डाणात एक उपयोगी गोष्ट कळली: पृथ्वीभोवतीचा किरणपट्टा ओलांडताना यानाने कूस बदलली आणि आतल्या मापकांचा आकडा निम्म्यावर आला.

त्याच रॉकेटमधून बायोसेंटिनेल हा छोटा उपग्रह सूर्याच्या कक्षेत गेला. त्यात यीस्ट होतं, पावात घालतो तेच. किरणांनी डीएनए तुटला की यीस्ट तो कसा सांधतं हे दूरवरून बघायचं. पण उड्डाण पुढे पुढे ढकललं गेलं, कुप्या वाट बघत बसल्या, आणि पाहायची वेळ आली तेव्हा यीस्ट मेलेलं होतं. किरणमापक ठणठणीत! हे वाचून मला हसू आलं नाही. सॅम्पल टेबलावर राहिलं आणि मशीन तयार, असं ज्याच्या हातून कधी झालं नाही त्याने लॅबमध्ये काम केलेलं नाही.

आर्टेमिस-२ साठी आखलेला प्रयोग मला जास्त पटतो. चौघा अंतराळवीरांच्या प्लेटलेट काढताना मिळालेल्या पेशींपासून त्यांच्याच बोनमॅरोचा (हाडातल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजाचा) छोटा नमुना, पेनड्राइव्हएवढ्या चिपवर जिवंत ठेवायचा, यानातून न्यायचा, आणि तसाच दुसरा जमिनीवर ठेवायचा. नाव 'अवतार'. बोनमॅरो निवडला हे बरोबर केलं, किरणांचा फटका सर्वांत आधी बसतो तो तिथेच. आणि केलींच्या वेळी भाऊ होता, इथे प्रत्येकाला आपलाच एक तुकडा जुळा म्हणून मिळतो. नॉर्मल रेंजचा माझा प्रश्न यांनी असा सोडवायला घेतलाय.

आपले शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये स्थानकावर १८ दिवस राहिले, त्यांनी मेथी आणि मूग रुजवले, स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केला. मेथी-मुगाचे फोटो आमच्या ग्रुपवर फार फिरले. स्नायूंच्या पेशींबद्दल कोणी विचारलं नाही. दोन्ही पहिल्या ट्रेमधलंच काम, पण ते केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शेवटी एका शिरेबद्दल लिहायचं आहे. वजन नसल्यावर डोक्यातलं रक्त मानेतून उतरताना मंदावतं, काहींचं थांबतं, उलटंही वाहतं. ११ अंतराळवीरांच्या मानेतल्या शिरांची सोनोग्राफी करणाऱ्या एका अभ्यासात, मुक्कामाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास, एकाच्या शिरेत गुठळी दिसली. त्रास काहीच नव्हता. अभ्यास नसता तर कळलीही नसती. शोधनिबंधात नाव नाही, बाई की पुरुष तेही नाही, आणि ते तसंच असायला हवं. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका गुठळीतज्ज्ञाला विचारलं. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या कुप्या मोजक्याच होत्या. हिशोब करून, पुरवून पुरवून डोस दिला, आणि सुमारे दीड महिन्याने मालवाहू यानातून गोळ्या पोचल्या. अंतराळवीर त्या डॉक्टरांना थेट घरी फोन करायचा.

मंगळाच्या वाटेवर घरी फोन लागणार नाही. एका बाजूचा निरोप पोचायलाच वीस-बावीस मिनिटं लागू शकतात. मागून गोळ्या घेऊन यान येणार नाही. रक्त खाली पाठवायला सोयूझ नाही. औषध, सुया, तपासायचं यंत्र आणि त्याचा आकडा वाचणारा माणूस, सगळं निघतानाच घ्यायचं, ग्रॅम ग्रॅम मोजून. आमच्या मशीनचे रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, काही महिन्यांत एक्सपायर होतात आणि मशीन बंद पडलं की इंजिनिअर पुण्याहून येतो. म्हणून माझं मत विचाराल तर मशीन न्या, पण एक साधा मायक्रोस्कोप, काचपट्ट्यांचा एक डबा आणि स्लाइड वाचायला शिकवलेला एक माणूसही न्या. स्लाइड रंगवायच्या लेशमन स्टेनमध्ये मिथेनॉल असतं आणि ते पेट घेतं, त्यामुळे यानात कोणी चढवू देणार नाही, हे मला कळतं. त्यावर काहीतरी तोड काढा.